भाजलेल्या पंजांचे इस्पितळ

२०१९ सालची दिवाळी आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल ती पावसामुळे. दसरा होऊन गेला, कोजागरीचे दूध आटवून झाले, तरी पावसाचा पाय काही महाराष्ट्रातून निघेना. अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे चक्रीवादळ घोंगावत होते. गृहिणींनी मोठ्या हौसेने घातलेली रांगोळी वाहून जात होती, आकाशकंदिलांना प्लॅस्टिकच्या पिशव्यांची टोपडी घालावी लागत होती आणि मुले सादळलेल्या फुलबाज्या तव्याजवळ धरून वाळवीत होती. खेड्यांतून तर रडण्याचीच पाळी आली होती. कापून ठेवलेल्या सोयाबीनला आणि भाताला शेतातच कोंब फुटले होते.

त्याच आठवड्यात, इथून हजारो मैलांवर, ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर एका जंगलात वीज पडली. तिच्यामागून पाऊस मात्र आला नाही. वाळून कोळ झालेल्या पाचोळ्याने पेट घेतला आणि पाहता पाहता सारे रान धडाडून पेटले. इकडे आपण पाऊस थांबावा म्हणून देवाला हात जोडत होतो, तिकडची माणसे चार थेंबांसाठी आभाळाकडे डोळे लावून बसली होती.

या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे! हिंदी महासागर म्हणजे एक भला मोठा तराजू आहे. काही वर्षी त्याचे आफ्रिकेकडचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापते आणि सुमात्रा-जावाकडचे थंड राहते. ढग उबदार पाण्याची पाठ सोडीत नाहीत. मग आपल्याकडच्या पारड्यात पाऊस पडतो आणि ऑस्ट्रेलियाकडचे पारडे कोरडे राहते. २०१९ साली हा तराजू जितका कलला, तितका तो क्वचितच कललेला आहे. ऑस्ट्रेलियात नोंदी ठेवायला लागल्यापासून ते सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष ठरले. आपला भिजलेला आकाशकंदील आणि त्यांचे जळालेले रान ही, म्हटले तर, एकाच समुद्राची लेकरे.

ज्या जंगलावर ती वीज पडली त्याचे नाव लेक इनिस. त्याच्या जवळच पोर्ट मक्वॉरी नावाचे टुमदार गाव आहे, सिडनीपासून उत्तरेला सुमारे ३९० किलोमीटरवर. आणि त्या गावात एक इस्पितळ आहे. तिथे माणसाला खाट मिळत नाही, गाईगुरांनाही नाही. ते इस्पितळ फक्त कोआलांसाठी आहे.

झाडावरचा संन्यासी

कोआला आपल्या मुलांनी चित्रांत पाहिलेला असतो. करड्या लोकरीचा गुबगुबीत देह, फुलासारखे फेंदारलेले कान आणि काळ्या चामड्याचे मोठे नाक. लोक त्याला हौसेने अस्वल म्हणतात, पण अस्वलाशी त्याचे काडीचे नाते नाही. तो कांगारूच्या गोतातला. पोटाला पिशवी असलेला. जन्मताना त्याचे पिल्लू घेवड्याच्या दाण्याएवढे असते. ते आईच्या पिशवीत शिरते आणि सहा महिने तिथेच राहून मग जगाकडे डोकावते. आणखी एक गंमत अशी, की त्याच्या बोटांवर हुबेहूब माणसासारखे ठसे असतात.

हा प्राणी जन्मभर निलगिरीच्या पानांवर जगतो. सर्दी झाली की आजी रुमालावर ज्या तेलाचे दोन थेंब टाकून आपल्याला हुंगायला देते, ते तेल या पानांत भरलेले असते. ही पाने निकस, चिवट आणि विषारी. दुसरे फारसे कोणी त्यांना तोंड लावीत नाही, म्हणून कोआलाला भांडण-तंटा न करता पोटभर मिळतात. पण ती पचवायला फार शक्ती लागते. त्यामुळे हा गृहस्थ दिवसाचे अठरा ते वीस तास झोपून काढतो. लोक त्याला आळशी म्हणतात. खरे तर तो बिचारा काटकसरी आहे.

पण जे झाड त्याला पोसते तेच वणव्यात त्याचे वैरी होते. पानांतल्या तेलामुळे निलगिरी कापरासारखी पेटते. संकट आले की झाडाच्या शेंड्याला जायचे आणि अंगाचा गोळा करून बसायचे, एवढेच कोआलाला ठाऊक असते. आग जमिनीवरून सरपटत गेली तर ही युक्ती त्याला तारते. पण ती शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारू लागली, म्हणजे जिथे तो आसऱ्याला गेला तिथेच त्याची चिता पेटते.

महाभारतातल्या खांडववनाच्या गोष्टीत जरिता नावाची पक्षीण आहे. वन पेटले तेव्हा तिच्या चार पिल्लांना पंख फुटलेले नव्हते. पिल्ले आईला म्हणाली, तू उडून जा, तू वाचलीस तर वंश राहील. पुढे अग्नीला दया आली आणि त्याने ती पिल्ले सोडून दिली. लेक इनिसच्या जंगलात कोआलांची वस्ती दाट होती आणि वंशाच्या दृष्टीने मोठी मोलाची होती. तिथे अग्नीला दया आली नाही. सुमारे साडेतीनशे कोआला त्या एका वणव्यात गेले असावेत, असा इस्पितळाचा अंदाज होता.

लुईस एलनबरोकर

हे इस्पितळ १९७३ साली निघाले. जीन आणि मॅक्स स्टार या जोडप्याने ते सुरू केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले रोटो हाऊस नावाचे एक जुने लाकडी घर गावात आहे. त्याच्याच आवारात हा दवाखाना उभा राहिला. पगारी माणसे थोडी, बाकी सारा कारभार स्वयंसेवकांवर. निवृत्त शिक्षिका, दुकानदार, आजी-आजोबा, कॉलेजातली मुले अशी ही मंडळी ठरल्या दिवशी येतात, पिंजरे झाडतात, पाने बदलतात, वही भरतात आणि घरी जातात.

एरवी वर्षाला दोनशे ते अडीचशे कोआला तिथे उपचारासाठी येत. कोणाला मोटारीचा धक्का लागलेला, कोणाला कुत्र्याने धरलेले. पुष्कळांना क्लॅमिडिया नावाचा रोग असतो. त्याने त्यांचे डोळे जातात आणि माद्यांना वांझपण येते. एकेक रोगी दाखल झाला, की त्याला दुहेरी नाव मिळते. आधी तो जिथे सापडला त्या जागेचे नाव आणि मग त्याचे स्वतःचे. आपल्याकडे सातारकर, चिपळूणकर असतात ना, त्यातलाच हा प्रकार! एलनबरो भागात सापडलेला लुईस असेल तर त्याची नोंद 'एलनबरो लुईस' अशी होते. आपण त्याला लुईस एलनबरोकर म्हणू. या लुईसची हकीकत पुढे यायची आहे.

वणवा लागला म्हणून लगेच जंगलात धावत सुटावे, असे चालत नाही. जमीन आतून धुमसत असते. खोडे आतल्या आत जळून पोकळ झालेली असतात आणि वारा नसतानाही कडाडून खाली येतात. अग्निशमन दलाने परवानगी देईपर्यंत इस्पितळाच्या माणसांना काही दिवस हात चोळीत बसावे लागले. आत कितीतरी जीव तडफडत असतील हे ठाऊक असून थांबायचे, ही शिक्षा काही लहान नव्हे.

परवानगी मिळाल्यावर ते रांगा करून राखेतून हिंडू लागले. मान वर करून एकेक काळा शेंडा न्याहाळायचा. करड्या राखेत करडा प्राणी दिसावा कसा? या कामी कुत्र्यांचे साहाय्य झाले. पोर्ट मक्वॉरीच्या परिसरात टेलर नावाची एक स्पॅनियल कुत्री कोआलाचा वास काढीत हिंडे आणि वास लागला की झाडाच्या बुंध्याशी बसून राही. न्यू साउथ वेल्सच्या दुसऱ्या भागांत बेअर नावाचा कुत्रा हेच काम करीत होता. गरम राखेने पाय पोळू नयेत म्हणून त्याला चारी पायांत मोजे चढवीत. फार खोडकर आणि अनावर म्हणून पहिल्या मालकांनी याला टाकून दिले होते. ज्याला घरात जागा मिळाली नाही तो दुसऱ्यांचे प्राण शोधीत रानोमाळ हिंडत होता.

मलमपट्टी

इस्पितळात आलेल्या कोआलांची दशा पाहवत नसे. खालून वर चढताना तापलेल्या सालीने पंजे सोलवटून निघालेले, नाकाचा शेंडा भाजलेला, कान करपलेले. काहींची नखेच वितळली होती. कोआलाचे नख जाणे म्हणजे झाड जाणे, आणि झाड गेले की अन्न, आसरा, झोप सारेच गेले. शिवाय अंग चाटून साफ करण्याच्या सवयीने राख पोटात जाई, ती वेगळीच.

उपचाराची रीत अशी. प्रथम गुंगीचे औषध द्यायचे. मग जखमा धुऊन, माणसाला भाजल्यावर लावतात तेच चांदीच्या क्षाराचे मलम लावायचे. वर मऊ पट्ट्या बांधून चारी हातपायांचे गाठोडे करायचे आणि दर थोड्या दिवसांनी पुन्हा गुंगी देऊन हे सारे पहिल्यापासून करायचे. असे आठवड्यांमागून आठवडे, महिन्यांमागून महिने.

त्यात या प्राण्याचे यकृत मोठे कर्तबगार! निलगिरीचे विष पचवायची त्याला जन्माची सवय. त्यामुळे वेदना कमी करण्यासाठी दिलेले औषधही ते विष समजून झटपट निकालात काढते. दुसऱ्या जनावराला दिवसभर पुरणारी मात्रा कोआलाला तितकी पुरत नाही. जंतुनाशक औषधे फार दिली तर त्याच्या पोटातले पाने पचवणारे उपकारक जंतूच मरतात आणि जखम बरी होता होता रोगी उपाशी मरायची वेळ येते. डॉक्टरांना सुईच्या अग्रावर तोल सांभाळायचा असतो.

आणि जेवणाची तऱ्हा तर विचारूच नका. रोज अर्धा ते एक किलो पाने हवीत, ती ताजी हवीत, निलगिरीच्या शेकडो जातींपैकी मोजक्याच जातींची हवीत, आणि त्यातही काल आवडलेली आज आवडतीलच अशी हमी नाही. आपल्या घरात सासुरवाडीला आलेल्या जावईबापूंचे जेवढे कौतुक होत नाही, तेवढे या रोग्यांचे करावे लागते! शेजारची राने जळून गेलेली असताना हा हिरवा पाला रोज तोडून आणायचा कुठून? पाला तोडणारी स्वयंसेवकांची तुकडी भल्या सकाळी निघायची आणि जिथे हिरवी फांदी उरली असेल तिथवर जाऊन मोळ्या बांधून आणायची. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती पट्ट्या बांधलेल्या कोआलांची. पालेवाल्यांचे छायाचित्र काढायला सहसा कोणी जात नाही. पण इस्पितळ चालले ते त्यांच्या कोयत्यावर.

आजीचा सदरा

नोव्हेंबर २०१९ मधली गोष्ट. एक बाई मोटारीने चालल्या होत्या. घरी सात नातवंडे. रस्त्याच्या कडेने ज्वाळा उसळत होत्या. तेवढ्यात एक कोआला रस्ता ओलांडून थेट आगीच्या दिशेने जाताना त्यांना दिसला. आजींनी गाडी थांबवली, अंगातला सदरा काढला आणि त्या जळत्या रानात घुसल्या. सदऱ्यात गुंडाळून त्यांनी त्याला बाहेर आणले, अंगावर पाणी ओतले, घोंगडीत घेतले. कोआला वेदनेने लहान मुलासारखा ओरडत होता. हे दृश्य चित्रित झाले आणि दोन दिवसांत साऱ्या जगाने पाहिले.

तोच हा लुईस. आजींनी आपल्या एका नातवाचे नाव त्याला दिले. वय सुमारे चौदा, म्हणजे कोआलाच्या हिशेबाने तो चांगला म्हातारा. हात, पाय, छाती सारे भाजलेले. इस्पितळाने आठवडाभर शर्थ केली. जगाच्या कानाकोपऱ्यातून चौकशा येत होत्या. पण जखमा भरण्याऐवजी चिघळत चालल्या आणि वेदना औषधाला जुमानीनात. २६ नोव्हेंबरला डॉक्टरांनी त्याला कायमची झोप दिली.

त्या दिवशी किती माणसांनी डोळे पुसले असतील! काहींना रागही आला असेल. एवढ्या कष्टाने वाचवला तो मारायचाच होता का? हा प्रश्न सोपा नाही. आपल्याकडे पांजरपोळाची परंपरा आहे. जीव आपणहून जाईल तोवर त्याला सांभाळायचे, हा आपला धर्म. तिकडच्या रक्षकांचा धर्म निराळा आहे. जे जनावर पुन्हा रानात जाऊन झाडावर चढू शकणार नाही, ज्याच्या वेदनेला अंत नाही, त्याला केवळ आपल्या समाधानासाठी जिवंत ठेवणे ही दया नव्हे, असे ते मानतात. कोणाचे बरोबर, याचा निवाडा मी करणार नाही. इतकेच म्हणेन, की ती सुई हातात घेणाऱ्याचा हात लाकडाचा नसतो. आणि आजींचा सदराही वाया गेला नाही. लुईस आगीत एकटा मेला नाही. माणसांच्या सोबतीत, वेदनेतून सुटून गेला. त्याच्यामुळे जगाला त्या इस्पितळाचा पत्ता कळला, हे तर आहेच.

आग दाराशी आली तर

पोर्ट मक्वॉरीचे इस्पितळ स्वतः आगीच्या तोंडी सापडले नाही. त्याचे काम वणवा ओसरल्यावर सुरू झाले. पण वणवाच दाराशी आला तर आश्रयाला ठेवलेल्या प्राण्यांचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर त्याच उन्हाळ्यात, सिडनीच्या दक्षिणेला मोगो नावाच्या गावाने दिले.

तिथल्या वन्यप्राणी उद्यानात सुमारे दोनशे प्राणी होते. सिंह, वाघ, गेंडे, जिराफ, ओरांगउटान, लाल पांडा आणि इवलाली माकडे. त्यांतले पुष्कळ दुर्मिळ जातीचे. ३१ डिसेंबर २०१९ च्या पहाटे गाव रिकामे करण्याचा हुकूम आला. गाव रिकामे होते, पण जिराफाला मोटारीत बसवून कुठे नेणार? उद्यानाचे संचालक चॅड स्टेपल्स आणि त्यांचे पंधराएक सहकारी तिथेच राहिले.

हे वेडे धाडस नव्हते. त्यांनी आधीच आखणी करून ठेवली होती. पेटण्यासारखे जे जे होते ते हलवले होते, पिंपे पाण्याने भरली होती, सारा परिसर ओलाचिंब केला होता. वाघ-सिंहांना त्यांच्या पक्क्या रात्रनिवाऱ्यात चुचकारून घेतले. राहिली लहानसहान मंडळी. ती स्टेपल्सनी चक्क आपल्या राहत्या घरात नेली! एका खोलीत माकडे, दुसरीत लाल पांडा, आणि परसात एक वाघ. आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार पाहुणे आले तर आपली त्रेधा उडते. तिथे पाहुणचार कसा झाला असेल, कल्पना करावी.

सकाळ असून धुराने मध्यरात्रीसारखा काळोख झाला. ठिणग्यांचा पाऊस पडत होता. जिथे ठिणगी पडे तिथे ओली गोणपाटे आणि पाण्याचे फवारे घेऊन माणसे धावत. गावातली कितीतरी घरे आणि दुकाने त्या दिवशी भस्मसात झाली. उद्यानात मात्र एकही प्राणी दगावला नाही.

या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक धडा मिळतो. ज्यांना भिंत होती, भरलेले पिंप होते आणि पाठीशी ठरलेला बेत होता, ते सारे वाचले. रानातल्यांना यातले काहीच नव्हते. त्यांचे पिंप म्हणजे ओहोळ आणि त्यांची भिंत म्हणजे ओलसर, सलग जंगल. ते आधीच तुटत आणि सुकत चालले होते.

पाण्याची भांडी आणि कापडाच्या झोळ्या

ऑक्टोबरच्या अखेरीस इस्पितळाने लोकांकडे एक लहानशी मागणी केली होती. रानात पाण्याची भांडी बसवायची आहेत, त्यासाठी २५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर हवेत. कोआला पाणी पीत नाही, पानांतल्या ओलाव्यावर भागवतो, असा पूर्वापार समज होता. पण पाने इतकी वाळली होती की त्यांत ओलावाच उरला नव्हता आणि तहानेने कासावीस झालेले कोआला रस्त्यावर येऊन माणसांपुढे हात पसरीत होते. मागितले २५ हजार, आणि जमा झाले ७० लाखांहून अधिक डॉलर! दूरदूरच्या देशांतल्या मुलांनी खाऊचे पैसे पाठवले.

पैशापेक्षा गमतीची गोष्ट विणकामाची. आई मेलेल्या कांगारूंच्या पिल्लांना पिशवी हवी असते. पिशवीविना ती घाबरून अन्न सोडतात. मग घरोघरच्या बायका सुया आणि शिवणयंत्रे घेऊन बसल्या. आपण तान्ह्याला जुन्या मऊ लुगड्याची झोळी बांधतो, तशा झोळ्या तयार होऊ लागल्या. आत सुती अस्तर, ते दुपट्यासारखे रोज बदलता यावे असे. भाजलेल्या पंजांसाठी सुती हातमोजे झाले. या वस्तूंचा इतका ढीग पडला, की शेवटी 'आता पुरे, ठेवायला जागा नाही' असे सांगायची पाळी आली.

मायेलाही शिस्त लागते, हेही लोकांना शिकावे लागले. तहानलेल्या कोआलाच्या तोंडात बाटलीने पाणी ओतू नका, असे डॉक्टर कळवळून सांगत होते. मान मागे कलली की पाणी फुप्फुसात जाते आणि वाचवणाऱ्याच्या हातूनच तो मरतो. पाणी भांड्यात ठेवावे आणि आपण बाजूला व्हावे. चांगल्या भावनेने केलेली प्रत्येक गोष्ट चांगली नसते, हे संसारी माणसाला वेगळे सांगायला नको.

परत कुठे पाठवायचे?

२०२० च्या फेब्रुवारीत अखेर मुसळधार पाऊस आला आणि वणवे शमले. हिशेब मांडला तेव्हा ३३ माणसे आगीत गेली होती आणि तीन हजारांहून अधिक घरे जळाली होती. मेलेल्या, होरपळलेल्या किंवा बेघर झालेल्या वन्य प्राण्यांचा शास्त्रज्ञांनी केलेला अंदाज ३०० कोटींच्या घरात गेला. त्यांत कोआला ६० हजारांहून अधिक. २०२२ च्या फेब्रुवारीत क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश इथल्या कोआलांची गणना नामशेष होण्याच्या धोक्यात असलेल्या प्राण्यांत झाली.

इस्पितळापुढे आता निराळाच पेच होता. माणूस बरा झाला की घरी जातो. या रोग्यांचे घरच जळून गेले होते. बरे होऊन उभ्या पिंजऱ्यात बसलेल्या कोआलाला न्यायचे कुठे? अनोळखी रानात सोडावे तर तिथे दुसऱ्यांचा शेजार. जुन्या रानात सोडावे तर तिथे कोळशाचे खांब.

या पेचातच सगळ्या गोष्टीचे मर्म आहे. मलम, पट्ट्या, पाला, देणग्या, हातमोजे हे सारे लागतेच. पण त्या सगळ्याच्या शेवटी एक जिवंत झाड लागते. ते नसेल तर उत्तमातले उत्तम इस्पितळ म्हणजे नुसती धर्मशाळा. आणि झाडे काही फक्त वणव्यात जात नाहीत. वर्षानुवर्षे ती बंगल्यांसाठी, रस्त्यांसाठी आणि लाकडासाठी जात होती. वणव्याने उरलेसुरले नेले. हे तिकडच्या लोकांना उशिरा का होईना उमगले. जमलेल्या देणगीतून इस्पितळाने रानटी कोआलांच्या पैदाशीचे केंद्र उभारायचे काम हाती घेतले. २०२५ च्या सप्टेंबरात न्यू साउथ वेल्स सरकारने पोर्ट मक्वॉरीच्या उत्तरेकडच्या टापूत कोआलांसाठी मोठे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले आणि त्यासाठी १ लाख ७६ हजार हेक्टर सरकारी जंगलातली लाकूडतोड थांबवायचे ठरवले. मधल्या वर्षांत किती झाडे गेली, हा हिशेब निराळा.

निलगिरीचे मात्र एक नवल आहे. जी इतकी भडकून जळते, तिच्याच जाड सालीखाली झोपलेले डोळे असतात. शेंडा जळाला, पाने जळाली, की ते डोळे उघडतात. काळ्या कोळशासारख्या खोडाला बुंध्यापासून वरपर्यंत कोवळी, तांबूस-हिरवी पालवी फुटते. जणू म्हाताऱ्याच्या अंगावर लोकर उगवावी. पाऊस पडल्यावर लेक इनिसचे रान असेच पालवू लागले.

२०२० च्या एप्रिलमध्ये आपण सारे टाळेबंदीत घरोघर कोंडले गेलो होतो. त्या दिवसांत इस्पितळाची माणसे एक पिंजरा घेऊन लेक इनिसला गेली. पिंजऱ्यात अ‍ॅनवेन नावाची मादी होती. वणव्यानंतर तिला याच रानातून आणले, तेव्हा ती विलक्षण होरपळलेली होती. किती वेळा तिच्या पट्ट्या बदलल्या, किती मोळ्या पाला तिने नाकारला आणि किती खाल्ला, हे वहीत लिहिलेले असेल. आता तिच्या अंगावर नवी लोकर आली होती आणि पंजांना नखे होती.

एका पालवलेल्या झाडाच्या बुंध्याशी पिंजऱ्याचे दार उघडले. ती बाहेर आली. मागे वळून पाहणे, आभार मानणे, असले काही कोआला करीत नाहीत. तिने खोडाला मिठी घातली, नखे सालीत रोवली आणि ती वर चढू लागली. खाली माणसे माना उंचावून उभी होती. हीच माणसे पाच-सहा महिन्यांपूर्वी याच झाडांखाली अशाच माना उंचावून हिंडली होती.